अंबादास साइटवर जातो

एका तालुक्याच्या गावी एक भोळा इंजिनिअर राहायचा. इंजिनिअर कधी भोळा असतो का, असं विचारू नका. हा होता. नाव अंबादास काकडे. परीक्षेत पहिल्या वर्गात पास. परीक्षेत जेवढं विचारलंय तेवढंच लिहायचं असतं, त्यामुळे तिथं त्याचं कुठंच अडलं नाही. अडायला लागलं ते परीक्षा संपल्यावर.

आई म्हणायची, "अंबादास, मी देवळात जाऊन येते. कुकरच्या शिट्ट्या मोज रे." तो मोजायचा. गॅस बंद कर असं आई म्हणालेली नसायची. आई परत यायची तेव्हा घरभर धूर आणि डाळीचा कोळसा. आणि हा ओट्यापाशी उभा राहून शांतपणे सांगायचा, "पुष्कळ झाल्या, आई. मग आपोआप बंद झाल्या."

आता असल्या माणसाला नोकरी कोण देणार? नलूताईंनी दिली.

नलूताईंचं ऑफिस एसटी स्टँडच्या मागं होतं. डेअरी, रोपवाटिका, लॉंड्री, लग्न जमवणारी मंडळं, जो जो धंदा कागदावरून संगणकावर आला त्याला नलूताईंनी सॉफ्टवेअर करून दिलेलं. सगळी माहिती त्या सॉफ्टवेअरच्या पोटात. ते कधीतरी अडकायचं. मग ग्राहकाचा फोन यायचा, "ताई, तुमचं ते रुसलंय बघा." तिथं जाऊन पोटात काय बिघडलंय ते बघण्यासाठी ताईंनी एक छोटा प्रोग्रॅम बनवला होता. त्याला त्या दुर्बीण म्हणायच्या. पेनड्राइव्ह ग्राहकाच्या संगणकाला लावला की आतली सगळी माहिती पडद्यावर दिसायची. डॉक्टर छातीला नळी लावतात ना, तसंच.

पण नळी लावायला माणूस तर पाहिजे. गावातली हुशार पोरं पुण्याला पळालेली. राहिला अंबादास. आणि त्याचा एक गुण ताईंना फार आवडला. तो खोटं बोलायचा नाही. त्याला ते जमायचंच नाही.

हाच गुण सिंधूलाही आवडला होता. सिंधू म्हणजे स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानातली. वडिलांनी नाक मुरडलं तेव्हा ती म्हणाली, "भोळा आहे, पण लबाड नाही. भोळ्याला मी सांभाळीन. लबाडाला कोण सांभाळत बसणार?"

वडील बन्सीआण्णा शेजारच्या वाडीला राहायचे. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि अंबादासला समोर बसवून सांगितलं, "तुळशीच्या लग्नापर्यंत नोकरी टिकव. टिकली, तर पहिला मुहूर्त तुमचा. गेली, तर पोरगी दुसरीकडं. नंतर माझ्या नावानं रडायचं नाही."

"नाही रडणार," अंबादास म्हणाला. सिंधूने डोळे वटारले. "म्हणजे टिकवणार," तो म्हणाला.

बन्सीआण्णा शब्दाचा पक्का माणूस. पोरगी देतो म्हटलं तर देणार, नाही म्हटलं तर नाही देणार. सिंधूला रात्री झोप लागेना. अंबादासला लागायची. नोकरी टिकव एवढंच सांगितलं होतं, जागं राहा असं कोणी सांगितलं नव्हतं.

पहिली साइट मिळाली डेअरीची. तिथल्या संगणकात सगळ्यांच्या दुधाला सारखंच फॅट दिसत होतं. म्हशीचं दूध, गाईचं दूध, पाणी घातलेलं दूध, सगळं एकच. पाणी घालणारे खूश होते. बाकीचे चिडले होते.

निघताना नलूताईंनी बजावलं, "हे बघ अंबादास. साइटवर गेलास की फक्त बघायचं. कशालाही हात लावायचा नाही. काय दिसलं ते मला येऊन सांगायचं. बास."

"लक्षात ठेवलं, ताई."

डेअरीचे सचिव सावळेराम यांनी त्याला स्टूल दिलं, संगणक दाखवला आणि चहा सांगायला गेले. अंबादासने दुर्बीण लावली. पडद्यावर आकडे आले. तो बघू लागला. तेवढ्यात मागे फस्स असा आवाज झाला. दुधाच्या मोठ्या टाकीचा पाइप निसटला होता. पांढरीशुभ्र धार फरशीवर पडत होती. अंबादासने स्टूल फिरवलं आणि तिकडे बघू लागला.

सावळेराम चहा घेऊन आले तेव्हा दूध घोट्यापर्यंत आलं होतं. गावातली यच्चयावत मांजरं दारात जमली होती.

"अरे, बघतोयस काय!" सावळेराम ओरडले.

"दूध," अंबादास म्हणाला.

"मग कॉक बंद कर ना! तुझ्या हाताशी तर आहे!"

"हाताशी आहे हो. पण हात लावायला मनाई आहे."

सावळेरामांच्या हातातला चहा दुधात पडला. अंबादासने तेही बघून ठेवलं.

ऑफिसात आल्यावर त्याने सगळं प्रामाणिकपणे सांगितलं. "ताई, आधी बारीक धार दिसली. मग मोठी दिसली. मग मांजरं दिसली. शेवटी चहा."

नलूताईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे माझ्या राजा! कसलीही गळती दिसली की आधी ती बंद करायची! मग बाकीचं काम!"

"लक्षात ठेवलं, ताई."

संध्याकाळी ऑफिसच्या दारात एक स्कूटर थांबली. बन्सीआण्णांची. ते खाली उतरले नाहीत. इंजिनही बंद केलं नाही.

"आहे का अजून नोकरी?"

"आहे," नलूताई म्हणाल्या. स्कूटर निघून गेली.

पुढची साइट पार्वताबाईंच्या रोपवाटिकेची. तिथं पावतीचा घोळ झाला होता. मिरचीची रोपं घ्यावीत तर पावतीवर वांगी छापून यायची. लोक घरी जाऊन भांडायचे, मग परत येऊन भांडायचे.

पार्वताबाई बाजाराला गेल्या होत्या. अंबादास हिरव्या जाळीच्या शेडमधून संगणकाकडे निघाला आणि थबकलाच. अरे बाप रे! जमिनीवरून काळ्या नळ्या गेलेल्या आणि एकूण एक नळी गळत होती. इथं थेंब, तिथं थेंब. जिकडं बघावं तिकडं टप टप टप.

"केवढी ही गळती! आणि कुणाला पत्ता नाही!" अंबादासला वाईट वाटलं. त्याने मुख्य कॉक शोधला. बंद केला. कुणी चुकून उघडू नये म्हणून वरून तार गुंडाळली आणि पक्कडीने पीळ मारला. मग दुर्बीण लावून मिरचीचं वांगं कुठं होतंय ते बघितलं आणि घरी आला. ऊन रणरणत होतं. त्याने वाटेत उसाचा रस प्यायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्वताबाई ऑफिसात आल्या त्या रोपांचा ट्रे घेऊनच. सगळ्या रोपांनी माना टाकलेल्या. पार्वताबाईंनी ट्रे टेबलावर आपटला. "ही बघा तुमच्या माणसाची करणी! तार सोडवता सोडवता आमच्या गड्याच्या बोटाला जखम झाली!"

"ताई, फार मोठी गळती होती," अंबादास उत्साहाने सांगू लागला. "सगळ्याच नळ्या. मी वेळेवर पोचलो म्हणून थांबली."

"मुडद्या, ठिबक आहे ते!" पार्वताबाई कडाडल्या. "थेंब थेंब पडावं म्हणून तर बसवलंय!"

पार्वताबाईंची समजूत घालता घालता नलूताईंच्या नाकी नऊ आले. त्या गेल्यावर ताई अंबादासकडे वळल्या. "हे बघ. काही वेगळं दिसलं की आधी तिथल्या माणसाला विचारायचं. हे असंच असतं का? कधीपासून असं आहे? मधे काही बदललं का? बंद करून परत चालू करून पाहिलंत का? हे विचारल्याशिवाय पुढं जायचं नाही. कळलं?"

"लक्षात ठेवलं, ताई."

दारात स्कूटर थांबली. "आहे का अजून?"

"आहे," नलूताई म्हणाल्या. या वेळी जरा उशिरा म्हणाल्या.

सिंधूने दुकानातून हे पाहिलं. दुपारी तिने अंबादासला गाठलं. "अहो, जरा डोकं वापरा ना. माझ्यासाठी तरी."

"कुठं वापरू ते सांग. तिथं वापरतो."

तिने त्याच्या हातावर पेढा ठेवला आणि दुकानात निघून गेली.

मग आलं मालतीबाईंचं वधूवर मंडळ. तिथं सॉफ्टवेअरने मुलांची माहिती मुलींच्या यादीत ढकलली होती. एका मुलाकडच्यांनी मुलगी पाहायची म्हणून मोठ्या हौसेनं फोन लावला, तर पलीकडून उंचापुरा फौजदार बोलला.

अंबादास पोचला तेव्हा बाहेरच्या खोलीत बघण्याचा कार्यक्रम चालू होता. मालतीबाईंनी त्याला कोपऱ्यातला संगणक दाखवला आणि तोंडावर बोट ठेवून गप्प राहायची खूण केली. तो गप्प बसला. दुर्बीण लावली. पण त्याचं लक्ष गेलं मुलाकडे. मुलगा घामाने चिंब भिजला होता. कप बशीवर थडथड वाजत होता. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "काय करता आपण?" तर मुलाच्या तोंडून आवाजच फुटेना. नुसते ओठ हलले.

अंबादासला बिघाड ओळखता यायचा. तो उठला, थेट मुलाच्या आईसमोर जाऊन उभा राहिला आणि अदबीने म्हणाला, "काकू, हे असेच असतात का?"

"अं?" काकू म्हणाल्या.

"म्हणजे नेहमीच असं होतं, की आजच? कधीपासून आवाज येत नाहीये?"

खोलीत टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. अंबादासला वाटलं, सगळे नीट ऐकतायत, बरं झालं.

"मधे काही बदललं का? पडलेबिडले होते का?" मग त्याने मुलाच्या पाठीवर हात ठेवला. "आणि बंद करून परत चालू करून पाहिलंत का?"

मुलाची आई उठली. मामा उठले. मुलगी पदरात तोंड घालून हसायला लागली ती थांबेना. मुलाकडचे चपला घालून चालते झाले. जाताना मुलाला अचानक वाचा फुटली आणि तो जे काही बोलला ते इथं सांगण्यासारखं नाही.

"ताई, चालू झाला," अंबादासने ऑफिसात येऊन सांगितलं.

त्याच्याआधी मालतीबाईंचा फोन येऊन गेला होता. नलूताईंचा चेहरा लालबुंद झाला होता. "अंबादास! माणसांच्या खाजगी गोष्टी अशा चारचौघांत काढतात? दुर्बिणीत ती झाकायची कळ कशाला दिलीय? लोकांचं नाव दिसलं, फोन नंबर दिसला, की आधी झाकायचं. त्यावर फुल्या मारायच्या. कुणाचं काय आहे ते कुणालाही कळता कामा नये!"

"कुणालाही?"

"कुणालाही!"

"लक्षात ठेवलं, ताई."

स्कूटर आली. "आहे का अजून?"

नलूताई खिडकीबाहेर बघत राहिल्या. समोरच्या दुकानात सिंधू हातातला कागद तसाच धरून उभी होती. ताईंना तिची दया आली. "आहे हो आण्णा. पण आता देवालाच काळजी."

दिवाळी तोंडावर आली. राऊतांच्या लॉंड्रीत पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्या गावाचे सणाचे कपडे तिथं पडलेले. आणि नेमकं सॉफ्टवेअर बिनसलं. न धुतलेला कपडाही संगणकात तयार म्हणून दिसायचा. लोक न्यायला यायचे आणि डागासकट घेऊन जायचे.

राऊत इस्त्रीत गुंतले होते. अंबादासने दुर्बीण लावली, लगेच झाकायची कळ दाबली, पडद्यावरच्या नावांवर फुल्याच फुल्या आल्या. छान झालं. मग त्याने मान वर केली. फळीवर गठ्ठेच गठ्ठे, आणि प्रत्येक गठ्ठ्याला चिठ्ठी. चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात नाव आणि फोन नंबर. उघडं! कोणीही यावं आणि वाचावं!

त्याने खिशातून जाडा काळा पेन काढला.

राऊतांचं लक्ष गेलं तेव्हा शेवटची चिठ्ठी चालली होती. "अरे अरे अरे! आता कुठला गठ्ठा कुणाचा हे कसं कळणार?"

"नाहीच कळणार," अंबादास समाधानाने म्हणाला. "कुणालाही नाही."

राऊत मटकन खालीच बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. अंबादासला गलबलून आलं. एवढा मोठा माणूस रडतोय म्हणजे नक्की काहीतरी चुकलंय. काय चुकलं ते कळलं नाही, पण धीर द्यायला पाहिजे. "राऊतकाका, रडू नका. हे सगळं मी ताईंकडे घेऊन जातो. त्या शोधून काढतील." त्याने एक टेम्पो बोलावला, गठ्ठे भरले आणि पोचते केले.

नलूताईंचं ऑफिस छतापर्यंत भरलं. ताईंची खुर्ची दिसेना. थोड्या वेळाने खुर्चीवर बसलेल्या ताईही दिसेनात. बाहेर रांग लागली. ज्याला जो गठ्ठा आपला वाटला तो त्याने ओढला. पाडव्याला हेडमास्तर बँडवाल्याचा लाल कोट घालून फिरले. बँडवाल्याकडे हवालदाराचा गणवेश गेला, त्याला चौकात सगळे सलाम ठोकत होते, तो काही परत द्यायला तयार होईना. हवालदाराच्या वाट्याला नऊवारी आली. तो भाऊबीजेपर्यंत घराबाहेरच पडला नाही.

नलूताई कपड्यांतून वाट काढत बाहेर आल्या. त्यांचा आवाज बसला होता. "अंबादास. नीट ऐक. माझी शपथ आहे तुला. ग्राहकाकडची वस्तू ग्राहकाच्या दाराबाहेर काढायची नाही. कधी म्हणजे कधीच नाही. तिथंच बघ, तिथंच तपास, सगळं ठीक आहे ना ते विचार, जिथली तिथं ठेव आणि रिकाम्या हातानं परत ये. लोक कितीही आग्रह करू देत. घेऊन जा म्हणू देत. पाया पडू देत. रिकाम्या हातानं यायचं!"

"लक्षात ठेवलं, ताई."

स्कूटर आली. बन्सीआण्णांच्या अंगात कुणा डॉक्टरचा पांढरा कोट होता, बाह्या कोपरापर्यंतच आलेल्या. त्यांनी बाह्या खाली ओढून पाहिल्या. मग म्हणाले, "आहे का अजून?"

"एक साइट बाकी आहे," नलूताई म्हणाल्या. "तिथं काही झालं तर नाही."

ती साइट होती बेदाण्याच्या शीतगृहाची. मालक शिवलिंगअप्पा. त्यांच्या संगणकात या हंगामाचे बेदाणे पुढच्या हंगामाचे म्हणून दिसत होते. अजून वेलीवर न लागलेल्या द्राक्षांचे बेदाणे पेटीत बसलेले! व्यापारी हसायला लागले होते.

सिंधूने त्या दिवशी दुकान उघडलं नाही. देवापुढं दिवा लावून बसली.

अंबादास गेला. दुर्बीण लावली. आत बघितलं. तपासलं. तारीख कुठं उलटी होतेय ते सापडलं. ताईंना तिथूनच फोन लावला, ताईंनी सांगितलं तसं केलं, आणि बेदाणे पुन्हा या हंगामात आले. "सगळं ठीक आहे ना?" त्याने विचारलं. "झकास!" अप्पा म्हणाले. त्याने हलवलेली खुर्चीसुद्धा जागच्या जागी ठेवली. अप्पांनी खूश होऊन बेदाण्याची पेटी पुढं केली. "घेऊन जा." त्याने मान हलवली. "अरे, घे रे पोरा!" नाही. अप्पांनी हात धरला, शपथ घातली. अंबादास हात जोडून उलट पावलांनी बाहेर पडला.

रात्र पडायच्या आत अप्पांचा फोन आला. "ताई, काय सोन्यासारखा मुलगा आहे हो तुमच्याकडं! आमच्या एका बेदाण्याला हात लावला नाही!"

नलूताईंचा विश्वासच बसेना. त्यांनी दोनदा विचारलं की नक्की अंबादासच ना. मग त्यांचे डोळे भरून आले. "कळलं रे तुला शेवटी!" त्या म्हणाल्या. अंबादासही हसला. काय कळलं ते त्याने विचारलं नाही.

तुळशीचं लग्न लागलं. गावभर फटाके वाजले. स्कूटर आली. "आहे का अजून?"

"आहे!" नलूताई इतक्या जोरात म्हणाल्या की सिंधूला दुकानात ऐकू गेलं.

बन्सीआण्णांनी इंजिन बंद केलं. पहिल्यांदाच खाली उतरले, अंबादासला मिठी मारली आणि म्हणाले, "पोरगी तुमची!"

लग्न ठरलं. वाडीला, बन्सीआण्णांच्या दारात मांडव पडला. आदल्या दिवशी अंबादास नलूताईंकडे गेला. त्याला थोडी भीती वाटत होती. "ताई, लग्नात कसं वागायचं? मला कुणी काही सांगितलं नाहीये."

नलूताई घाईत होत्या. साडीला पिको करून आणायचं होतं. "त्यात काय एवढं? शिवलिंगअप्पांकडं वागलास ना, तसं वाग. अगदी तसंच. एका शब्दाचाही फरक करू नकोस."

"लक्षात ठेवलं, ताई."

आणि खरं सांगतो, असा नवरदेव वाडीने पाहिला नव्हता. बस म्हटलं की बसला. ऊठ म्हटलं की उठला. अक्षता पडल्या. सप्तपदी झाली. मग बन्सीआण्णांनी देण्याघेण्याच्या वस्तू मांडल्या. कपाट, फ्रिज, गादी, मनगटी घड्याळ. "घ्या जावईबापू, तुमचंच आहे सगळं."

अंबादासने हात जोडले. "नको. तुमचं तुमच्याकडंच राहू दे."

"अहो, असं कसं? मान आहे तो!"

"कितीही आग्रह केलात तरी नाही. मी रिकाम्या हातानं जाणार."

मांडवात कुजबुज झाली. म्हातारी माणसं उपरण्याने डोळे टिपायला लागली. "असा जावई नशिबानं मिळतो," कुणीतरी म्हणालं. बन्सीआण्णांनी सगळ्या पाहुण्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "माझी चूक झाली. मी या पोराला वेडा समजत होतो." सिंधूचा ऊर अभिमानाने भरून आला.

अंबादास तिच्याकडे वळला. तिला डोक्यापासून पायापर्यंत नीट बघितलं. "सगळं ठीक आहे ना? काही अडचण?"

"काही नाही," सिंधू लाजून म्हणाली.

"नक्की?"

"नक्की." केवढी काळजी करतात, तिला वाटलं.

अंबादासची आई आणि नलूताई सुनेच्या स्वागताची तयारी करायला पुढं निघून गेल्या. इकडे पाठवणीची वेळ झाली. आई रडली, मावश्या रडल्या, शेजारणी रडल्या. सिंधू एकीच्या गळ्यातून दुसरीच्या गळ्यात जात होती. बन्सीआण्णा, एवढा मिशीवाला माणूस, लहान मुलासारखे हुंदके द्यायला लागले. त्यांनी अंबादासचे हात धरले. "जावईबापू, माझ्या काळजाचा तुकडा आहे. घेऊन जा. सुखात ठेवा. तुमच्या पाया पडतो."

अंबादासलाही भरून आलं. त्याने सासऱ्याचे डोळे पुसले. "आण्णा, रडू नका. मी आहे ना. अजिबात काळजी करू नका." आणि तो झेंडूच्या माळा लावलेल्या गाडीत जाऊन बसला.

"निघायचं?" ड्रायव्हरने विचारलं. "वहिनी?"

"ती आहे तिथं ठीक आहे. मी विचारलंय."

ड्रायव्हरला वाटलं, नवरी मागच्या गाडीत बसली असेल. मागच्या गाडीवाल्यांना वाटलं, नवरी पुढच्या गाडीत असणारच. दोन्ही गाड्या हॉर्न वाजवत निघाल्या. सिंधू तेव्हा शेवटच्या मावशीच्या गळ्यात होती.

अंबादासच्या दारात रांगोळी काढली होती. उंबरठ्यावर तांदळाचं माप ठेवलं होतं. आई आरतीचं ताट घेऊन उभी, शेजारी नव्या साडीत नलूताई, मागे सगळी आळी. गाडी थांबली. दार उघडलं. मुंडावळ्या सावरत अंबादास उतरला आणि त्याने मागे दार लावून घेतलं. मागची गाडीही आली. तिच्यातून पाहुणे उतरले आणि तेही नवरीला बघायला पुढं सरसावले.

आईने गाडीत वाकून पाहिलं. मागच्या गाडीत वाकून पाहिलं. "अरे, सिंधू कुठंय?"

"तिच्या वडिलांकडं."

"वडिलांकडं?" आईने आरतीचं ताट खाली ठेवलं.

"हो. बघितली, तपासली, ठीक आहे ना ते दोनदा विचारलं आणि जिथली तिथं ठेवून आलो." मग तो नलूताईंकडे वळला. त्याचा चेहरा नुसता उजळला होता. "काय आग्रह केला हो ताई! सगळं गाव रडत होतं, घेऊन जा, घेऊन जा. सासरे तर पाया पडले. पण मी बधलो नाही!"

नलूताईंचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. अंबादासने खाली पाहिलं. दारात माप होतं. घरात येणाऱ्याने ते उजव्या पायानं लवंडायचं असतं, असं आई सकाळपासून सगळ्यांना सांगत होती. त्याने ते लवंडलं आणि आत जाऊन आईला हाक मारली, "आई, भूक लागलीय. एकाचंच पान वाढ."